हात बसायला काय लागते?

सरकारी परिपत्रकांपासून कंपन्यांच्या जाहिरातींपर्यंत आज ‘प्रशिक्षण’ हा एकच शब्द सगळीकडे चालतो. निवडणुकीच्या कामाला जाणाऱ्या शिक्षकाला दोन-तीन सत्रांत मिळते ते प्रशिक्षण आणि पोलीस भरती झालेल्या तरुणाला कित्येक महिने मिळते तेही प्रशिक्षण. अंगणवाडी सेविकेला नवे अ‍ॅप दाखवले की तिचे प्रशिक्षण झाले. आयटीआयमध्ये दोन वर्षे फिटरचे काम शिकणारा मुलगाही प्रशिक्षणार्थीच. रोजच्या मराठीत मात्र या कामांसाठी वेगवेगळे शब्द आहेत. पहिलवान तालमीत जातो, नट तालमीला जातो, गवई रियाज करतो, शिपाई कवायत करतो, वेदपाठशाळेतला विद्यार्थी संथा घेतो, कारखान्यात नवा आलेला मुलगा उमेदवारी करतो आणि आईबाप मुलांना वळण लावतात. हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत, कारण ते वेगवेगळ्या क्रियांची नावे आहेत. त्या साऱ्यांना एकाच नावाखाली आणल्यामुळे कोणत्या क्रियेला काय लागते हे आपण विसरत चाललो आहोत, आणि त्याची किंमत शिकणाऱ्यांना मोजावी लागते आहे. कौशल्याच्या शिक्षणात सांगणारा लागतो, करणारा लागतो. पण सर्वांत जास्त गरज असते ती काम चालू असताना चूक पकडून ती दुरुस्त करून घेणाऱ्या माणसाची. तो नसेल तर तास भरतात, सह्या होतात, प्रमाणपत्रे वाटली जातात. हात मात्र बसत नाही.

आधी शिक्षण आणि प्रशिक्षण यांतला साधा फरक पाहू. शिक्षण कुठे जाऊन पोहोचेल ते आधी ठरवता येत नाही. इतिहास शिकलेली मुलगी पुढे वकील होईल, पत्रकार होईल किंवा उत्तम शेती करील. तिचे शिक्षण वाया गेले असे कोणी म्हणणार नाही. प्रशिक्षण मात्र ठरलेल्या कामासाठी असते. वेल्डिंग शिकलेल्या माणसाला वेल्डिंग आले की नाही हा प्रश्न सरळ विचारता येतो आणि त्याचे उत्तर जोडलेला सांधाच देतो. म्हणून प्रशिक्षणाची परीक्षा उत्तरपत्रिकेत पुरी होत नाही. या दोहोंच्याही आधी येते ते वळण. नाशिककडच्या द्राक्षबागेत नव्या वेलीचे खोड बांबूला बांधून सरळ वर नेतात, मग तारेवर दोन्ही बाजूंना ओलांडे तयार करतात आणि त्यांवर काड्या राखतात. यालाही वेलीला वळण देणे असेच म्हणतात. यात वेलीला काही समजावे लागत नाही. बांधणारा आणि छाटणारा हात सगळे ठरवतो. लहान मुलांच्या सवयींचे वळण काही अंशी असेच लागते. पण ज्या कामात करणाऱ्याला स्वतः निर्णय घ्यायचा असतो तिथे नुसते वळण पुरत नाही.

कवायतीचे स्थानही याच्या जवळचेच. हुकूम आला की शंभर पावले एकदम पडली पाहिजेत. तिथे प्रत्येकाने विचार करत बसणे हाच दोष. गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञाने १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या ग्रंथात कवायत आणि प्रशिक्षण यांतला हा भेद फार नेमका मांडला. त्याचे म्हणणे असे की कवायतीतून सवय तयार होते, आणि सवयीचे लक्षण म्हणजे आजची कृती ही कालच्या कृतीची नक्कल असते. खऱ्या प्रशिक्षणात प्रत्येक कृती आधीच्या कृतीतून काही शिकून थोडी बदललेली असते, कारण करणारा करता करता स्वतःला तपासत असतो. आपण पायऱ्या उतरतो तेव्हा पायाकडे लक्ष नसते. बर्फाळ कड्यावरून चालणारा गिर्यारोहक मात्र प्रत्येक पाऊल तोलून टाकतो. कवायत वाईट, असा याचा अर्थ नाही. आग लागल्यावर कोणत्या जिन्याने उतरायचे हे विचार न करताच आठवले पाहिजे, आणि त्याला कवायतच हवी. घोटाळा होतो तो विवेकाचे काम कवायतीने शिकवू पाहिले म्हणजे. पाठ केलेली वाक्ये म्हणणारा ग्राहकसेवेतला कर्मचारी आपल्याला हतबल करतो तो यामुळेच. त्याला शब्द घोटवलेले असतात, ग्राहकाची अडचण ओळखायला मात्र शिकवलेले नसते.

तालीम आणि रियाज हे शब्द संगीतात शेजारी नांदतात आणि त्यांच्यातला फरक गवयांना पक्का माहीत असतो. तालीम गुरूकडून मिळते. रियाज शिष्याने स्वतः करायचा असतो. तालमीत गुरू एखादी जागा गाऊन दाखवतो, शिष्य ती घ्यायचा प्रयत्न करतो, स्वर किंचित खाली राहिला की गुरू तिथेच थांबवतो आणि पुन्हा म्हणायला लावतो. काय साधायचे आणि आपले कुठे चुकते हे या बैठकीत कळते. रियाजात ते गळ्यावर चढवायचे असते. तालीम न घेता केलेला रियाज चुकाच पक्क्या करतो, हे जुन्या गवयांना अनुभवाने ठाऊक होते. त्याला प्रयोगाचाही आधार आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने लोकांना डोळे मिटून ठरावीक लांबीची रेघ काढायला लावली. हजारो रेघा काढून झाल्या, पण रेघ लांब झाली की आखूड हे कोणी सांगत नव्हते. तेव्हा शेवटच्या रेघा पहिल्या रेघांपेक्षा अधिक अचूक झाल्या नाहीत. केवळ पुनरावृत्तीने कौशल्य येत नाही, हा त्याचा सरळ निष्कर्ष. पुढे १९९३ साली अँडर्स एरिकसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बर्लिनमधल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास केला. त्यातूनच दहा हजार तासांचे सूत्र लोकांच्या तोंडी झाले. पण एरिकसन स्वतः सांगत राहिला की नुसते तास मोजून काही हाती लागत नाही. विशिष्ट उणिवेवर लक्ष धरून, जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली केलेला सराव त्याला अभिप्रेत होता. ज्याला आपण तालीम म्हणतो त्याच्या हे बरेच जवळ जाते.

ही दुरुस्ती प्रत्यक्षात कशी होते ते आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये पाहायला मिळते. फिटरच्या ट्रेडला आलेल्या मुलाला सुरुवातीच्या दिवसांत लोखंडाचा एक तुकडा व्हाइसमध्ये पकडून कानशीने सपाट करायला देतात. ऐकायला हे काम अगदी सोपे. कानस पुढे ढकलताना दाब द्यायचा, मागे आणताना सोडायचा, हे पाच मिनिटांत सांगून होते. तरीही नवख्याचा तुकडा हमखास मध्ये फुगीर आणि दोन्ही कडांना उतरता होतो. कारण कानस पुढे सरकते तसा तिचा तोल बदलतो. सुरुवातीला मुठीकडची बाजू जड पडते, शेवटी टोकाकडची; म्हणून आधी टोकावरच्या डाव्या हाताचा दाब जास्त हवा आणि पुढे जाता जाता तो कमी होऊन मुठीवरच्या उजव्या हाताचा वाढायला हवा. हे वाक्य वहीत उतरवून घेतलेल्या मुलाचीही कानस डुलतेच. मग शिल्प निदेशक तो जॉब उचलतो, त्यावर गुण्याची धार टेकवतो आणि उजेडासमोर धरतो. कडांशी उजेडाची बारीक फट दिसते. पायातले अंतर कमी आहे, खांदा पुढे जातो आहे, मनगट वाकते आहे, हे तो बघून सांगतो आणि पुन्हा घासायला लावतो. असे पुष्कळ वेळा झाल्यावर एक दिवस मुलाला कानशीच्या आवाजावरून आणि तळहाताला जाणवणाऱ्या पकडीवरून आपली चूक स्वतःच कळू लागते. बाहेरची नजर आत आली की त्याचा हात बसला. तोवर निदेशकाला त्याच्याजवळ उभे राहावेच लागते.

याउलट सांगितलेले आणि केलेले यांत किती अंतर राहते याचे उदाहरण मतदान केंद्रावर सापडते. प्रत्यक्ष मतदानाआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घेतात, किमान पन्नास मते टाकतात, यंत्र बंद करून निकाल दाखवतात आणि मग ती मते पुसून यंत्र रिकामे करतात. क्रम ठरलेला आहे, पुस्तिकेत छापलेला आहे, सत्रात सांगितलेला आहे. तरीही पहाटेपासून जागे असलेल्या, गर्दीच्या दडपणाखाली असलेल्या केंद्राध्यक्षाकडून ती मते पुसायची राहून जाऊ शकतात. तसे झाल्यास मोजणीच्या वेळी काय करायचे याच्या सूचना निवडणूक आयोगाला द्याव्या लागल्या आहेत. या कर्मचाऱ्यांना निष्काळजी म्हणणे अन्यायाचे होईल. मोठ्या सभागृहात शेकडो जणांना पडद्यावर दाखवलेले यंत्र आणि पहाटे साडेपाचला एकट्याने हाताळायचे यंत्र यांत फरक असतो. आयोगाच्या प्रशिक्षणात यंत्र प्रत्यक्ष हाताळायला देण्याची तरतूद आहे ती याचसाठी. ती वेळ कापून भाषणाला दिली की प्रशिक्षणाचा गाभाच निघून जातो.

तालमीनंतरची पायरी म्हणजे उमेदवारी. या शब्दातली ‘उमेद’ म्हणजे आशा. जुन्या कचेऱ्यांतून नोकरीच्या आशेने बिनपगारी काम करणारे उमेदवार असत. आज कायद्याच्या भाषेत तो ‘शिकाऊ उमेदवार’ झाला आहे. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने उद्योगांवर असे उमेदवार घेण्याची जबाबदारी टाकली. २०१९ मधल्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांनी मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके शिकाऊ उमेदवार घ्यायचे असतात. तालमीपेक्षा उमेदवारीत वेगळे काय असते? तिथे चुकीचा परिणाम खरा असतो. वर्कशॉपमध्ये बिघडलेला तुकडा भंगारात जातो. कारखान्यात बिघडलेल्या तुकड्यामुळे पुढचे काम अडते. ज्या व्यवसायांत चूक जिवावर बेतते त्यांनी ही पायरी कधी गाळली नाही. एमबीबीएसच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला वर्षभराची आंतरवासिता केल्याशिवाय कायमची नोंदणी मिळत नाही. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी भारतात दोनशे तासांचे उड्डाण लागते. पण तेवढे तास भरले म्हणून परवाना हाती पडत नाही, परीक्षक शेजारी बसून उड्डाण तपासतो. म्हणजे तास मोजायलाही हरकत नाही, त्यांच्या शेवटी कोणीतरी काम डोळ्यांनी पाहणार असेल तर.

उमेदवारीत एक धोका मुळापासून आहे. उमेदवार शिकतो आहे की राबतो आहे, हे बाहेरून ओळखणे कठीण. १९६१ चा कायदा शिकाऊ उमेदवाराला कामगार मानत नाही, शिकणारा मानतो. त्यामुळे आरोग्य आणि सुरक्षिततेच्या तरतुदी त्याला लागू असल्या तरी कामगाराचे बाकीचे बहुतेक हक्क त्याला मिळत नाहीत. त्याला खरोखर शिकवले जात असेल तर हा सौदा न्याय्य आहे. महाराष्ट्रात २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत तरुणांना सहा महिन्यांसाठी दरमहा सहा ते दहा हजार रुपये विद्यावेतन ठरले. पुढे मुदत वाढवली गेली आणि आम्हाला कामावर कायम करा अशी मागणी घेऊन प्रशिक्षणार्थी रस्त्यावर आले. त्यांची मागणी मान्य करण्याजोगी आहे का, हा वेगळा वाद. पण स्वतःला हे तरुण शिकणारे समजत होते की कर्मचारी, याचे उत्तर त्या मागणीतच आहे. कार्यालयात पाठवलेल्या तरुणाला कोण शिकवणार, काय शिकवणार आणि ते आले हे कोण पाहणार, हे आधी ठरलेले नसेल तर कोणतीही प्रशिक्षण योजना तात्पुरत्या नोकरीसारखीच दिसू लागते.

या साऱ्यावर पहिला आक्षेप येईल तो असा की हे जुन्या गुरुपरंपरेचे गुणगान आहे. परंपरेतली विद्या दडवून ठेवली जात असे, जात आणि लिंग पाहून दारे बंद होत, शिष्याला वर्षानुवर्षे घरकामाला जुंपले जाई. हा आक्षेप खरा आहे आणि तो सौम्य करण्याचे कारण नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, विष्णु नारायण भातखंड्यांनी घराण्याघराण्यांतल्या बंदिशी मिळवून ‘क्रमिक पुस्तक मालिके’त छापल्या, ते ही दारे उघडण्यासाठीच. त्यांच्यामुळे गाणे घरंदाज मुलामुलींपर्यंत, सर्वसामान्य रसिकांपर्यंत पोहोचले. पण संस्थांनी दार उघडले म्हणून तालमीची गरज संपली नाही. बंदीश पुस्तकातून मिळाली तरी ती गळ्यात उतरवायला ऐकणारा कान लागतोच. आणि परंपरेतली तालीम नेहमी बंदिस्तच होती असेही नाही. पुण्यात लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत जोतीराव फुल्यांसारखे वेगळ्या जातीचे तरुण दांडपट्टा आणि कुस्ती शिकले. दार सर्वांना उघडे आणि आत दुरुस्त करणारा वस्ताद हजर, ही जोडी शक्य आहे. परंपरेची दुसरी मर्यादाही मान्य केली पाहिजे. खाशाबा जाधव लाल मातीत घडले, पण १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कुस्ती होती मॅटवर आणि नियम होते आंतरराष्ट्रीय. तिथे ते सहावे आले. मॅटचा सराव आणि नियमांची ओळख पक्की करून १९५२ मध्ये हेलसिंकीहून त्यांनी कांस्यपदक आणले. काम जिथे करायचे त्या जमिनीवर सराव हवा. वस्ताद कितीही थोर असला तरी तो दुसऱ्याच जमिनीचा असून भागत नाही.

दुसरा आक्षेप संख्येचा. देशात कोट्यवधी तरुणांना कौशल्य द्यायचे आहे, प्रत्येकामागे वस्ताद कुठून आणायचा? याचे उत्तर तालमीच्या रचनेतच आहे. कोल्हापूरच्या तालमीत वस्ताद एकटाच शिकवत नाही. सीनियर मल्ल ज्युनियर मल्लांशी लढतात, डाव सांगतात, पकड सुधारतात; वस्ताद सगळ्यांवर नजर ठेवतो. चूक पकडण्याचे काम असे पायरीपायरीने वाटले जाते, आणि दुसऱ्याची चूक पकडता पकडता सीनियरचे स्वतःचे कौशल्यही पक्के होते. प्रत्येक कारखान्यात, दवाखान्यात, शाळेत दहा-पंधरा वर्षे काम केलेली माणसे आहेत. त्यांच्या वेळेतले काही तास शिकाऊंसाठी राखून ठेवले, त्या तासांचा मोबदला दिला आणि शिकवणे हे त्यांच्या कामाचा भाग मानले, तर वस्तादांचा तुटवडा बराच भरून निघेल. आज आपण सभागृह, नाश्ता आणि छापील साहित्य यांवर खर्च करतो, या माणसांच्या वेळेवर करत नाही.

तिसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा. मोबाइलवर उत्तम व्हिडिओ आहेत, २०२० पासून केंद्र सरकारच्या मिशन कर्मयोगीमध्ये कर्मचाऱ्यांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत, मग माणूस कशाला? दाखवण्याच्या बाबतीत व्हिडिओ खरोखरच बलवान आहे. तो हवा तितक्या वेळा थांबवता येतो, हळू करता येतो, आणि ज्या गावात जाणकार नाही तिथेही पोहोचतो. पण व्हिडिओला बघणाऱ्याचा हात दिसत नाही. चूक मोजता येते तिथे यंत्रही दुरुस्ती करू शकते, हे मात्र मान्य केले पाहिजे. वैमानिकाचे सिम्युलेटर नेमके तेच करते. म्हणून माणूस की यंत्र हा खरा प्रश्न नाही. शिकणाऱ्याच्या कृतीकडे कोणाची तरी नजर आहे का आणि ती त्याला उलट काही सांगते का, हे पाहायचे. ज्या अभ्यासक्रमात पुढचे बटण दाबत गेले की प्रमाणपत्र मिळते, तिथे ती नजर नाही.

शेवटचा आक्षेप अधिक खोल आहे: हाताचे कौशल्य शिकवत बसलो तर गरिबांची मुले मजूरच राहतील, विचार करणारे शिक्षण पैसेवाल्यांच्या मुलांना मिळेल. ही भीती निराधार नाही. पण तिच्यावर १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी मांडलेल्या नई तालीमच्या विचारात एक ठोस उत्तर होते. उद्योग हा शिक्षणाच्या शेजारी ठेवलेला विषय नसावा, उद्योगातूनच गणित, भूगोल आणि समाज शिकवावा, हे तिचे सूत्र. सूत कातताना मोजमाप येते, कापसाबरोबर माती आणि बाजार येतो. नई तालीम देशभर रुजली नाही. शाळेत तयार झालेल्या वस्तूंतून खर्च भागवण्याची कल्पना तर अनेक शिक्षणतज्ज्ञांना मुलांवर भार टाकणारी वाटली. तरी दुरुस्तीची सवय लागलेला हात आणि तर्क करणारे डोके एकाच माणसात वाढू शकतात, हा तिचा मुद्दा टिकतो. उजेडाची फट पाहून ती का पडली याचा विचार करणारा मुलगा तर्कच करत असतो.

म्हणून ‘प्रशिक्षण दिले’ हे वाक्य वाचले की तीन प्रश्न विचारायची सवय आपण लावून घेऊ. शिकणाऱ्याने काम स्वतः किती वेळा केले? ते करताना कोणी पाहिले आणि काय सुधारले? आणि शेवटी त्याच्या हाती खरे काम सोपवण्याची जबाबदारी कोणी घेतली? पहिला प्रश्न रियाजाचा, दुसरा तालमीचा, तिसरा उमेदवारीचा. ज्या कार्यक्रमात यांतले एकही नाही त्याला माहितीसत्र म्हणावे; माहिती देणे हेही उपयोगाचे काम आहे. पण त्याला प्रशिक्षण म्हणून त्यावर प्रमाणपत्र दिले, की घेणाऱ्याला वाटते आपल्याला काम येते आणि नेमणाऱ्याला वाटते याला काम येते. दोघांचाही भ्रम पहिल्याच खऱ्या कामावर फुटतो आणि दोष मात्र शिकणाऱ्याच्या माथी येतो. प्रशिक्षणाच्या योजना आखणाऱ्यांनी किती जणांना प्रमाणपत्रे दिली याच्या जोडीला किती जाणत्या माणसांचे किती तास दुरुस्तीसाठी दिले, हाही आकडा जाहीर करावा. तो आकडा वाढू लागला की या देशात हात बसलेली माणसे वाढतील.